पडायला आलेली शाळा

मावशीला राग यायला कारण लागत नाही, असं शाळेतले मास्तर म्हणायचे. कारणं ढीगभर होती, त्यांना ती दिसत नव्हती एवढंच. शिपाईबाई म्हणून तिची उभी हयात त्या शाळेत गेली. झाडलोट, घंटा, पाणी भरणं ही नेमणुकीची कामं. शिवाय एक काम तिने स्वतःच अंगावर घेतलं होतं. मुलींच्या संडासाची दोन्ही दारं कुजून पडली होती, म्हणून मधल्या सुट्टीत मावशी तिथे चादर धरून उभी राहायची. थोरल्या मुली याच पायी एकेक करून शाळा सोडताना तिने पाहिल्या होत्या. तिची सातवीतली नात तिथेच शिकत होती. तिचं तसं होऊ द्यायचं नाही, हे मावशीने मनाशी पक्कं केलं होतं.

दोन दारांसाठी तिने हेडसरांचं डोकं खाल्लं. हेडसरांचं ठरलेलं उत्तर, "मावशी, दुरुस्तीला पैसा नाही."

मग मंदी आली. कारखाने बंद पडले, मावशीचा मुलगा घरी बसला. सरकारने ठरवलं, बांधकामात पैसा ओतायचा, म्हणजे हाताला काम मिळेल, गरिबांना घरं आणि पोरांना शाळा मिळतील. त्यात वाईट काही नव्हतं. मुलाला घरांच्या वसाहतीवर मजुरी मिळाली, सूनही जाऊ लागली, चूल पेटली. पण शाळांना पैसा हवा तर अट अशी की तो फक्त नव्या इमारतीला, आणि तोही जुनी धोकादायक ठरली तरच. दोन दारं मागा, हात वर. अख्खी शाळा पाडा, थैली मोकळी. या अकलेला काय म्हणावं?

हेडसरांनी मावशीला बाजूला घेतलं. "इंजिनिअर साहेब येतायत. इथं सगळ्यात जुन्या तुम्हीच. विचारलं तर सांगा, भिंती हलतात, छत गळतं. नव्या शाळेत चांगले चार संडास होतील, दारांसकट."

साहेब आले. भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि मावशीकडे पाहिलं. त्या भिंतीला मावशीने जन्मात तडा पाहिला नव्हता. तरी ती म्हणाली, "पडायला आलीय, साहेब. वारा सुटला की जीव मुठीत धरून झाडते."

धोकादायक इमारतीत पोरं बसवता येत नाहीत, ही साधी गोष्ट ना तिच्या ध्यानात आली, ना शिकलेल्या हेडसरांच्या. लगेच कुलूप लागलं. पोरं हमरस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवली. रस्त्यावर ट्रकांची रीघ, आईबाप पहाटेच कामावर, आणि मावशीला रिकाम्या इमारतीच्या राखणीला बसवलेलं. नात काही दिवस एकटी गेली, एकदा ट्रकखाली येता येता वाचली आणि घरीच बसली. शेजारणीचं तान्हं सांभाळू लागली.

इमारत पाडायला यंत्र आलं. सकाळपासून धडका देऊन दुपारपर्यंत नुसते पोपडे निघाले. यंत्रवाला घाम पुसत म्हणाला, "ही पडायला आली होती? कोण म्हणालं?"

तान्हं कडेवर घेऊन नात गर्दीत उभी होती. "माझी आजी," तिने यंत्रवाल्याला सांगितलं. त्यानंतर तिने आजीशी बोलणं टाकलं.

शेवटी भिंती पडल्या. तेवढ्यात घरांचं उद्घाटन जवळ आलं आणि ठेकेदाराने माणसं, यंत्र, सगळं तिकडे पळवलं. शाळेचं नंतर बघू, म्हणाला. हेडसरांना पलीकडच्या शाळेत टेबल मिळालं, पंखाही मिळाला. मावशीला मिळाली एक खुर्ची, ढिगाऱ्यासमोर. दिवसभर दगडांकडे बघत ती सरकारला, साहेबाला, हेडसरांना मनातल्या मनात शिव्या घालायची. सगळ्यांना घालून झाल्या की शेवटी स्वतःला.

एका सकाळी हेडसर फेरी मारायला आले, तर खुर्ची रिकामी. मावशी नातीचं दप्तर खांद्याला लावून फाटकाबाहेर पडत होती, मागे तोंड फुगवून नात.

"कुठे निघालात? राखण कोण करणार?"

"ढिगारा कुठे पळून जात नाही, सर. पोर हातची जाते. रोज हिला पोचवणार आणि आणणार."

"अहो, पगार कापतील. वरून विचारलं तर मी काय सांगू?"

"काहीतरी खोटं सांगा. मला शिकवलंत, तुम्हाला जमेल की."

हेडसर जाऊन रिकाम्या खुर्चीत बसले.

हमरस्त्यावर मावशीने नातीचं मनगट घट्ट धरलं, दुसरा हात उंच करून सरळ रस्त्यात पाऊल टाकलं. ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून दोघींचा उद्धार केला, मावशीने व्याजासकट परत दिला. पलीकडे पोचल्यावर नातीने हात सोडवून घेतला, दप्तर ओढून घेतलं आणि मागे न बघता शाळेत गेली. मावशी फाटकाबाहेर दगडावर बसली. शाळा सुटेपर्यंत उठली नाही.