भिंतीला पाणी

माझे यजमान जाऊन चार महिने झाले. घरात त्यांच्याबद्दल अजून कोणी हसून बोलत नाही. हसण्यासारखं तर त्यांनी पुष्कळ करून ठेवलं आहे. म्हणून मीच सुरुवात करते.

लग्नानंतर आम्ही अमरावतीत खोली घेऊन राहत होतो आणि शेंदूरजनाघाटच्या मामंजींच्या बागेतली संत्री विकत होतो. तेवढ्यात नागपूरहून मुलींच्या शाळेच्या नव्या इमारतीला मंजुरी आली. म्युनिसिपल कमेटीने दवंडी पिटवली, की गवंडी आधी शहरातले घेऊ, कमी पडले तर बाहेरचे. हे पिढीजात माळी, पण गवंडी व्हायला निघाले. कारण मी होते. मला मास्तरणीच्या परीक्षेला बसायचं होतं, आणि मामंजींनी बजावलं होतं, "पक्कं काम भेटलं तं राहा. नाही तं वैशाखात बागेवर या."

निवडीसाठी प्रत्येकाने मैदानावर कमरेएवढी भिंत चुन्यात बांधायची होती. आठवड्याने कमेटीचा मिस्त्री ती पाहणार. यांनी मन लावून बांधली. मी भाकरी घेऊन गेले, तर भिंत एका अंगाला कललेली.

"अहो, ही वाकडी दिसते."

"वाकडी नाही, उतार हाय. पाणी कुठं जाईन मंग?"

"भिंतीवर कुठलं पाणी?"

"तुले पुस्तकातलं समजते. हे नाही समजत."

ऊन असं, की बाकीचे उमेदवार लिंबाखाली पडून असत. हे मात्र सकाळ-संध्याकाळ घागरी वाहत. आधी आपल्या भिंतीला पाणी, मग शेजारच्याच्या, मग सगळ्यांच्याच.

मी चिडले. "त्यांच्या भिंती पक्क्या करा आणि आपण जाऊ बागेवर!"

"वाळून राहिल्या ना थ्या. मले पाहवत नाही."

म्हातारा मिस्त्री ओळंबा घेऊन आला. यांच्या भिंतीपाशी दोरी वीतभर दूर लटकली.

"काय माळीबुवा, भिंत बांधली का वावराचा धुरा-बांध?"

सगळं मैदान हसलं. मला मात्र वैशाख दिसू लागला. मग त्याने एकेका भिंतीची वीट हलवून पाहिली. एकही हलेना.

"एवढ्या उन्हात चुना धरला कसा? पाणी कोणं मारलं?"

सगळ्यांनी यांच्याकडे बोट दाखवलं.

"मंग याले घ्या," मिस्त्री म्हणाला. "गवंडी म्हणून नाही बाप्पा! भिंतीले पाणी मारायले."

घरी येऊन हे फुगून बसले. "म्हणजे माळीच राहिलो. मी नाही जात."

"नका जाऊ. मी पुस्तकं गाठोड्यात बांधायला घेते."

सकाळी हे घागर उचलून निघाले.

वैशाखात मामंजी बैलगाडी घेऊन आम्हाला न्यायला आले. हे शाळेच्या अर्ध्या भिंतीवर पाणी मारत होते. मामंजींनी गाडी भिंतीपाशी थांबवली.

"काहून रे, संत्र्याले पाणी द्यायची लाज वाटे तुले. आता भिंतीले देतं?"

"पगार भेटते, बाबा."

"भेटू दे. बहार फुटला का सांगजो."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "सूनबाई, तुही परीक्षा कधी हाय?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, बैलांना पाणी पाजलं आणि गाडी रिकामीच परत वळवली.