इस्त्रीच्या चादरीवरची पिल्लं

माझ्या थोरल्या नणंदेबद्दल मी आजवर चार चांगले शब्द बोलले असेन तर शपथ. मी तोंडाची फटकळ, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. वन्संना तर ते माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे. तरीही हे सांगायला बसले, कारण गेल्या वर्षी मी जे डोळ्यांनी पाहिलं, ते अजून माझ्या गळी उतरलेलं नाही.

वन्सं तळमजल्यावर राहतात, आम्ही त्यांच्या डोक्यावर. त्यांच्या दोन खोल्या आणि मागे भिंतीनं बंद केलेलं छोटं अंगण. उभा जन्म त्यांनी हॉस्पिटलच्या धुलाईघरात काढला. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे. घडीतून कोपऱ्याचं टोक बोटभर जरी बाहेर दिसलं तरी ती चादर पुन्हा उलगडणार, पुन्हा इस्त्रीखाली घालणार. तिथे सगळे त्यांना इस्त्रीबाई म्हणायचे, आणि पाठीमागे आम्हीही. त्यांच्या घरात भांडी पुसायचं फडकंसुद्धा कडक इस्त्रीचं असतं. हात पुसायला भीती वाटते.

पण त्यांच्या हाताला यश नाही, असं आमच्याकडे बोललं जायचं. फार वर्षांपूर्वी त्यांना एक बाळ झालं होतं. दूध होतं, पण ते ओढेना. नवव्या दिवशी गेलं. पुढे नवराही फार काळ राहिला नाही. तेव्हापासून त्यांच्याकडे कुंडीतलं झाड वाळलं तरी घरातले एकमेकांकडे बघायचे. मांजर निघून गेलं, तरी तेच. अहो, मांजरच ते, जाणारच. हे बोलणं सुरू कुणी केलं ते ठाऊक नाही, पण ते जिवंत ठेवण्यात माझा वाटा मोठा होता. खोटं कशाला बोलू?

निवृत्त होऊन सहा महिने झाले असतील. एका सकाळी वन्सं दोन्ही हातांत भोकं पाडलेला खोका धरून, जिवाच्या करारानं सांभाळत फाटकातून आत आल्या. आतून चिवचिव चालली होती. टर्कीची पिल्लं, पंधरा, एक दिवसाची. माझ्या नवऱ्यानं विचारलं, ताई, पाळायचंच होतं तर साध्या कोंबड्या का नाही आणल्यास? पोल्ट्रीवाल्यानंही म्हणे हेच विचारलं होतं. वर त्यानं बजावलंही होतं, की बाई, टर्कीचं पिल्लू म्हणजे मरायला निमित्त शोधणारा जीव, पहिल्यांदा पाळणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

"कोंबडीची पिल्लं कुणाच्याही हातून जगतात," वन्सं म्हणाल्या. "ती जगली असती तरी मला काय कळलं असतं?"

त्या खोक्यात काय पणाला लावून बाई आल्या होत्या, ते आम्हा दोघांना त्या क्षणी समजलं. मला त्यांची दया आली आणि रागही आला. कशाला नसती परीक्षा द्यायची या वयात?

तयारी मात्र बघत राहावी अशी. धुलाईघरातून मोडीत काढलेली कपड्यांची मोठी पेटी त्यांनी आणली होती. तिच्यावर दिवा टांगला, शेजारी थर्मामीटर. आणि तळाला काय अंथरलं असेल? पांढरीशुभ्र चादर, चारपदरी घडी, इस्त्री इतकी कडक की त्यावर नाणं टाकलं तर उडालं असतं. दिवसातून तीनदा बदलायच्या. पिल्लांनी घाण केली की लगेच नवी. पंधरा पिवळसर गोळे त्या पांढऱ्यावर असे उठून दिसत होते की मीसुद्धा मनात म्हटलं, बाईनं थाट केला खरा.

दुसऱ्या दिवशी दोन पिल्लं मेली. तिसऱ्या दिवशी आणखी दोन. दाण्याची ताटली भरलेली, पाण्याची वाटी भरलेली, आणि पिल्लं त्यांच्यातूनच चालत जायची, पण चोच काही लावायची नाहीत. चालणं तरी कसलं, एकेकाचे पाय दोन बाजूंना फाकायला लागले होते. एक तर पोटावर पसरलं होतं, उठायला गेलं की पाय आणखीच लांब जायचे. मी वरून खाली आले तेव्हा वन्संनी मेलेली दोन पिल्लं रुमालात गुंडाळून ठेवली होती. रुमालही इस्त्रीचा. मला म्हणाल्या, "बघ, समोर अन्न आहे आणि उपाशी मरतायत." आवाज अगदी सपाट.

मीच मग पोल्ट्रीवाल्याला फोन लावला. तो स्कूटरवरून आला, पेटीत डोकावला आणि त्यानं कपाळावर हात मारला. बाई, हे काय ऑपरेशन थिएटर आहे? अशा गुळगुळीत कापडावर पिल्लाचा पाय धरणार कुठे? पहिल्या चार दिवसांत पाय घसरत राहिले, की ते फाकलेलेच राहतात. लाकडाचा भुसा घाला, गोणपाट घाला, काहीही खरखरीत घाला. मग तो खाण्याकडे वळला. टर्कीच्या पिल्लाला खायचं कळत नाही, त्याची आई जमिनीवर चोच आपटून दाखवते तेव्हा ते शिकतं. इथे आई नाही, मग शिकवणार कोण? त्यानं बोटाचं नख ताटलीवर टकटक आपटून दाखवलं आणि निघून गेला.

वन्सं पेटीजवळ उभ्या होत्या. ज्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्याच कामानं घात केला होता. मला वाटलं, आता बाई खचणार, पिल्लं परत करणार. त्यांनी चादर धरून अशी ओढली की घडी पार विस्कटली, आणि ती कोपऱ्यात फेकून दिली. मग शेजारच्या सुताराकडे टोपली घेऊन गेल्या.

तासाभरात पेटीत भुसा पसरला होता. सगळ्यात वाईट पायांच्या पिल्लाचे दोन्ही पाय त्यांनी मऊ पट्टीनं जवळ घेऊन बांधले, मध्ये बोटभर अंतर ठेवून. आणि मग स्टूल ओढून बसल्या. टक टक टक. दाण्यात नख आपटायचं, थांबायचं, पुन्हा आपटायचं. एखादं पिल्लू वळलं की त्याची चोच अलगद पाण्याला टेकवायची. मी चहा घेऊन गेले. मनात होतं, दोन टोमणे मारू आणि वर येऊ. चहा गार झाला, टोमणे राहिले, आणि मीही दुसरं स्टूल ओढलं.

दुपारपर्यंत काहीच नाही. आणखी एक पिल्लू गेलं. राहिली दहा. मग एक जण मान तिरकी करून वन्संच्या नखाकडे बघायला लागला. बघतोय, बघतोय. त्यानं नखाला टोच मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी चोचीत दाणा आला, आणि तो गिळताना त्याची एवढीशी मान थरथरली. लगेच शेजारच्यानं त्याचं बघून टोच मारली, मग तिसऱ्यानं. घटकाभरात अख्ख्या ताटलीवर पाऊस पडल्यासारखा आवाज चालू झाला. मी दोन पोरं वाढवली आहेत. पण खायचं कसं, ही गोष्ट एखाद्या जिवाला माहीतच नसते आणि ती त्याच्यात अशी शिरते, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

पाय बांधलेलं पिल्लू मात्र ताटलीपर्यंत पोचायचंच नाही. वन्संनी त्याला तळहातावर घेऊन भरवलं. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर ते, आणि त्याच्यापुढे बोट. मधे त्यांचा डोळा लागायचा तेव्हा मी बोट आपटायचे. माझ्या बोटातल्या अंगठीवर ते असा काही राग काढायचं की मला हसू फुटायचं. पाचव्या दिवशी सकाळी वन्संनी पट्टी सोडली आणि त्याला भुशावर ठेवलं. ते पडलं. पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. मी तोंड फिरवलं. वन्संनी माझं मनगट घट्ट पकडलं तेव्हा मागे वळून पाहिलं, तर ते उभं होतं. डुलत होतं, पण दोन्ही पाय खाली सरळ, आपापल्या जागी. मग एखाद्या घाईतल्या माणसासारखं ते तरातरा ताटलीकडे निघालं.

त्यानंतर एकही गेलं नाही. सहा महिन्यांत अंगणात दहा टर्की, आणि त्यातले चार नर. पहिल्या नरानं पिसारा फुलवला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. हातातला कपडा हातातच राहिला. छाती फुगवून, पंख जमिनीला घासत, तो एवढा मोठा झाला होता, की हा त्या खोक्यातून आला यावर कुणाचा विश्वास बसला नसता. आणि त्याचं डोकं! बघता बघता निळं, मग पांढरं, मग लालभडक. माझा नवरा शिंकला की अंगणातून सगळे नर एकदम ओरडून उत्तर द्यायचे. तो मुद्दाम खिडकीत जाऊन शिंकायचा, या वयात. मी वन्संच्या पायांमागून चालणारी ती रांग बघत राहायचे. त्या वळल्या की रांग वळायची, त्या थांबल्या की थांबायची. ज्या बाईच्या हातात झाड टिकत नाही म्हणून मी गावभर सांगितलं, तिच्यामागे दहा जीव चालत होते.

एका संध्याकाळी वन्सं मागच्या पायरीवर बसल्या होत्या. पाय बांधलेलं ते पिल्लू, आता चांगली जाडजूड मादी, त्यांच्या मांडीत मान टाकून झोपली होती. तिचा एक पाय अजून जरा तिरका पडतो. मी शेजारी बसले, आणि बावीस वर्षं पोटात ठेवलेलं तोंडावाटे बाहेर पडलं.

"वन्सं, माझा मुलगा दोन महिन्यांचा होता तेव्हा तुम्ही त्याला मांडीवर घेतलं होतंत. त्याला भूक लागलीय असं सांगून मी त्याला उचलून नेलं. त्याला भूक लागलेली नव्हती."

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "त्याच्या ओठाला दूध लागलेलं होतं."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांचा हात मादीच्या पाठीवरून फिरतच होता. त्यात राग नव्हता, म्हणून मला जास्तच लागलं. माझं चुकलं, असं मी म्हणाले, आणि मला रडू आलं. वन्संनी मला रडू दिलं.

"तू त्याला उचललंस तेव्हा मला बरंच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "मलाच भीती होती माझ्या हातांची." मग त्यांनी ते हात उलटसुलट करून पाहिले. इस्त्रीचे जुने चटके, आणि त्यावर चोचींचे बारीक ओरखडे. "आज तो तेवढाच असता ना, तर मी तुला तो दिला नसता."