निरोपाच्या खुर्च्या

स्टेडियममध्ये सगळे त्यांना गवतमामा म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी मैदानाचं गवत पोटच्या पोरासारखं जपलं होतं. सामना असो, गाण्याचा कार्यक्रम असो की कपड्यांचा सेल, लोक पांगले की मामा ओणवे होऊन एकेक भोक बुजवत बसत. आज त्यांच्याच निवृत्तीचा समारंभ, आणि हौशी मंडळींनी व्यासपीठ थाटलं ते थेट गोलसमोर. तिथे मामांनी नवं बी पेरून जेमतेम तीन आठवडे झाले होते. रविवारी मुलींचा अंतिम सामना. मुळं उखडली की गोलकीपर पोरगी चिखलात घसरलीच म्हणून समजा.

समोर दीडशे खुर्च्या, प्रत्येकीला चार पाय, आणि वर बसलेली माणसं काही हलकी नव्हती.

"अहो, मुंग्या चावल्यासारखी चुळबुळ काय लावलीये?" मामी कुजबुजल्या.

"तो तिकीटवाला बघ, मागे रेलून डोलतोय. खुर्चीचे मागचे दोन्ही पाय गेले मातीत!"

"जाऊ द्या. आजच्या दिवस तरी मान वर करा."

मॅनेजरसाहेब 'दोनच शब्द' बोलायला उठले होते. पाऊण तास झाला तरी पहिल्याच शब्दावर होते. "मामा म्हणजे... काय सांगू मंडळी... मामा म्हणजे... मामाच!"

टाळ्या. मग चौघांनी भेटवस्तू आणली : लोखंडी पायांची आरामखुर्ची. ती दाणकन गवतावर टेकली. मामांनी माईकच ओढून घेतला.

"सगळे उभे राहा."

सगळे उठले. कुणी रुमाल काढला. साहेबांनी छातीवर हात ठेवला.

"आता आपापली खुर्ची उचला. ओढायची नाही, उचलायची! आणि चला पलीकडे धावपट्टीवर. साहेब, तुम्हीपण."

कुणी जागचं हलेना. मग मामींनी पर्स खांद्याला अडकवली, खुर्ची उचलली आणि चालू लागल्या. त्यांच्यामागे हसत, कुरकुरत सगळी वरात निघाली.

धावपट्टीवर साहेबांनी मामांना आरामखुर्चीत बसवलं. "आता तरी निवांत बसा हो!" आणि उरलेलं भाषण काढलं.

मामा बसले. एक मिनिट. फार तर दीड. मग चपला तिथेच सोडून, अनवाणी, गोलकडे निघाले.

मामी शांतपणे उठल्या, आरामखुर्चीत सरकल्या आणि पाय लांब केले.

"चालू द्या साहेब तुमचं. ते काही आता अंधार पडेपर्यंत येत नाहीत."