बाबांची फाइल नागपूरहून आली तेव्हा

आम्ही नागपूर सोडून रायपूरला आलो ते ऐन हिवाळ्यात. राज्य नवं होतं. कचेऱ्यांच्या पाट्यांवर छत्तीसगढच्या ताज्या रंगाखालून मध्यप्रदेशची अक्षरं अजून दिसायची. बाबांनी नागपूरची नोकरी सोडून भनपुरीच्या एका कारखान्यात स्टोअरचं काम धरलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायची वेळ आली. एका वर्षात दोन नोकऱ्या, म्हणून दोन फॉर्म सोळा. चौबे कॉलनीतल्या वकिलांनी दोन्ही पगार जोडून कच्चं लिहून दिलं. ते फेअर करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी इंग्रजी शाळेत होते आणि घरातली गोष्ट बाहेर बोलत नव्हते.

पत्त्याच्या रकान्यापाशी थांबून मी विचारलं, "बाबा, कौन सा पता?" घरात मराठी चालायची, पण इथं आल्यापासून माझ्या तोंडून हिंदीच निघायची.

"नागपूरचाच. काकाच्या घरचा."

यात मला काही वावगं वाटलं नाही. आमच्या ओळखीतली सगळी मराठी घरं असंच करत. बँकेत, विम्यात, कुठेही पत्ता तिकडचा. राहायचं इथं, पत्रं यायची तिथं.

वकिलांनी फॉर्म परत केला. "भाईसाहब, रहते यहाँ हैं, नौकरी यहाँ है, और पता नागपुर का? फाइल इधर मँगवा लीजिए. एक अर्जी लगेगी, बस."

नागपूरच्या इन्कम टॅक्स ऑफिसातली फाइल रायपूरला पाठवा, अशी अर्जी मीच लिहिली. बाबा सही करेनात. दोन वर्षांत परत येतो, असं ते नागपुरात सगळ्यांना सांगून आले होते. फाइल हलली की ते बोलणं खोटं ठरणार होतं.

"वापसच जायचं हाय, तं काहून हलवायची?" ते म्हणाले.

आई पोहे निवडत होती. "जाऊ तवा जाऊ. आल्यापासून पाव्हण्यावानी राहून राहिले तुम्ही. भिंतीत खिळा ठोकू देत नाही."

"तुले काय, तुले इथली भाजी सस्ती भेटली."

"मंग? भाजी काय नागपूरहून आणू?"

बाबांना हसू आलं, पण लगेच दाबलं. मग त्यांनी पेन मागितला आणि मला हळूच विचारलं, "इथला पिनकोड काय हाय?"

मी सांगितला. त्यांनी दोनदा वदवून घेतला, तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला आणि सही केली.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून त्यांनी काकाला फोन लावला. मी काचेबाहेर उभी होते. "आता आमची पत्रं इकडंच पाठव," ते गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाले. काका काही तरी बोलला असावा. बाबा नुसते "हो, हो" करत राहिले. फोन ठेवल्यावरही त्यांचा हात बराच वेळ रिसीव्हरवरच होता.