आधी गाडी उतरवा

बीड बायपासजवळच्या एका लग्नाच्या लॉनवर तो गाड्या सांभाळायचा. वय साठीचं, गळ्यात दोरीला ओवलेल्या चाव्या. प्रत्येक मोटारसायकल तो डबल स्टँडवर लावायचा आणि निघताना पोरांना सांगायचा, "तुमची तुम्ही उतरवा." नीट उतरवली तरच चावी द्यायचा.

मला हे ठाऊक नव्हतं. लॉनच्या मागं मित्रांसोबत दोन बीअर झाल्या होत्या. जेवणं उरकल्यावर ताईला आणि तिच्या तान्ह्या लेकीला बिडकीनला सोडायचं होतं.

"काका, चावी द्या."

"आधी गाडी उतरवा. पिलेल्याला ती सरळ उतरवता येत न्हाई."

"अहो, मी ग्रॅज्युएट आहे, आमच्या घरातला पहिला. किती प्यायची ते मला कळतं."

"व्हय की साहेब. पण दारू काय मार्कशीट बघून चढती का?"

मागं उभे असलेले दोघं-तिघं हसले. मी चिडून गाडी पुढं ढकलली. ती स्टँडवरून उतरली आणि थेट शेजारी उभ्या ताईच्या अंगावर कलली. ताई लेकराला घेऊन मागं सरली. काकानं झटकन हँडल धरलं, गाडी पुन्हा स्टँडवर चढवली आणि माझ्याकडं न बघता ताईला म्हणाला, "बाई, रिक्षा बोलावतो. गाडी उद्या न्या. मी हाय इथं."

रिक्षात भाची माझ्या मांडीवर झोपली. शेजारून एखादी मोटारसायकल सुसाट गेली, की मी तिला छातीशी ओढायचो. चालवणारा माझ्यासारखाच असेल, याची भीती वाटत होती.