एका ग्राहकाची तीन नावं

आमच्या टीमचा कोड सुजाता मॅडम तपासतात. आज माझ्या कोडमध्ये एकाच ग्राहकाला तीन ठिकाणी तीन नावं दिलेली त्यांना सापडली. "माणूस एकच ना? मग नावही एकच ठेव. उद्या वाचणारा तिघांना शोधत बसेल." खरं होतं. कॉम्प्युटरला कुठलंही नाव चालतं. गोंधळतो तो माणूस.

मी नावं बदलत होते, तेवढ्यात त्यांना सासूबाईंचा फोन आला. "हो आई, वैदेहीच बोलतेय." लग्नात तांदळात अंगठीने लिहिलेलं हे नाव ऑफिसात कुणाला ठाऊकच नव्हतं. आपल्याकडे बाईचं नाव ताटभर तांदळात बदलतं.

फोन ठेवून त्या माझ्या स्क्रीनकडे वळल्या.

"सगळीकडे बदललंस?"

"हो."

"पुन्हा एकदा शोध," त्या म्हणाल्या. "जुनं नाव कुठे ना कुठे राहतंच."