पालकांच्या हॉलमध्ये

माझ्या धाकट्या बहिणीची पोटगीची केस छत्तीसगडात दुर्गच्या कोर्टात चालली होती तेव्हा दर तारखेला मी तिच्यासोबत जायची. वकीलसाहेब आतून घाईघाईने बाहेर यायचे, "अगली तारीख मिली है" एवढं बोलून निघून जायचे. बहीण माझ्या तोंडाकडे पाहायची. "ताई, का म्हणे तो?" मी हातातला कागद वाचायची, पुन्हा वाचायची, आणि समजल्यासारखी मान हलवायची. समजायचं अर्धंच. पुढे चरोद्यातल्या आमच्या रेल्वे कॉलनीतल्या दोन-चार बायका आपापल्या तारखांना मला सोबत घेऊन जायला लागल्या. मी काही वकील नव्हती. लग्नाआधी बी.ए. झालेली, त्यानंतर घरातच. पण कोर्टाच्या त्या व्हरांड्यात बसून बसून मला वाटायला लागलं, आपणच कायदा शिकावा.

हे मी बरेच महिने कोणाला बोलली नाही. एक दिवस जेवताना तोंडून निघून गेलं. नवरा रेल्वेच्या यार्डात गाड्या जोडायच्या-तोडायच्या कामावर आहे, कमी बोलतो. भात कालवता कालवता म्हणाला, "शिक ना. कोन अडवून राहिलं तुले?"

अडवत कोणी नव्हतं. पण आमच्या घरात एका पगारावर एका वेळी एकाच माणसाला कॉलेजात जाता येत होतं, आणि ती जागा मुलीची होती. ती बी.एस्सी.ला होती. तिनेच त्या दिवसापासून मोबाईलवर शोधायला सुरुवात केली. "आई, चिंता नको करू. पूरी फी माफ वाली स्कॉलरशिप रहाते. मैं ढूँढती हूँ."

ती शोधायची आणि मला वाचून दाखवायची. सरकारी शिष्यवृत्तीत उत्पन्नाची मर्यादा होती, नवऱ्याचा पगार तिच्या वर जात होता. एक होती ती अविवाहित मुलींसाठी. एका ठिकाणी वय पंचविसाच्या आत पाहिजे होतं. एकीत बारावी नुकतीच झालेली पाहिजे. एका ठिकाणी पालकाचा व्यवसाय विचारला होता, तेव्हा मुलगी हसत सुटली. "आई, तुझा गार्जियन कोन? बाबाचं नाव लिहू का?" मीही हसली. पण मोबाईल तिच्या हातातून घेऊन उलटा ठेवून दिला. या वयात कोणीतरी आपला पालक लागावा, याची मला लाज वाटली.

शेवटी कुम्हारीच्या पुढे, रायपूरच्या रस्त्यावरचं एक खाजगी लॉ कॉलेज सापडलं. एक ट्रस्ट तिथल्या काही विद्यार्थ्यांची पूर्ण फी भरत होती. वयाची अट कुठेच नव्हती. "लिहिलंच नाही काही," मुलगी म्हणाली. मला वाटलं, लिहायचं राहून गेलं असेल. निबंध मागितला होता, मी कोर्टातल्या व्हरांड्यावर लिहिला. मुलाखतीचं बोलावणं आलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा आनंद झालाच नाही. मनात आलं, यांनी माझी जन्मतारीख पाहिली नसणार.

मला एकटीला जायचं होतं. मुलगी ऐकेना. "मी सोबत येते. तू बाहेर आली की पहिले मले सांगशील." तिने मला स्कूटीवर मागे बसवलं आणि आम्ही निघालो.

कॉलेजच्या फाटकावर गार्ड होता. त्याने मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सवयीने बोलून गेला, "कैंडिडेट बाएँ वाले कमरे में. पैरेंट्स सामने हॉल में बैठेंगे."

मुलीने तोंड उघडलं. त्याआधीच मी तिच्या पाठीला हलकेच हात लावून तिला डावीकडे ढकललं. "जा."

"आई?"

"जा न. बस तिकडं जरा."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर फिरवली. मग ती गेली. मी सरळ हॉलमध्ये जाऊन पालकांमध्ये बसली.

शेजारच्या बाईने खुर्चीवरची पिशवी उचलून मला जागा करून दिली. ती कुम्हारीची होती, नवरा तिथल्याच एका कारखान्यात. बोलकी बाई. डब्यातून ठेठरी काढून माझ्या हातावर ठेवली. बेसनाची, घरी तळलेली, अजून कुरकुरीत होती.

"आपकी बेटी भी अंदर है?"

"हाँ," मी म्हटलं. तेवढं खरं होतं.

"पढ़ने में तेज़ है?"

"बहुत. रात-दिन किताब लेके बैठती है."

"मेरी भी. पर डरती बहुत है. मैंने कहा, डर मत, जो पूछेंगे सच-सच बोल देना."

मी मान हलवली. पुढे ती विचारत गेली आणि मी सांगत गेली. माझ्या मुलीला लहानपणापासून वकील व्हायचं होतं, हे सांगितलं. तिने मावशीच्या केसमध्ये खूप धावपळ केली, हेही सांगितलं. माझंच सगळं मी मुलीच्या नावावर बोलत होती, आणि ते इतकं सहज जमत होतं की मध्येच मला बरंसुद्धा वाटलं. अठरा-वीस वर्षांच्या पोरीची म्हणून ती गोष्ट किती छान ऐकायला येत होती.

तेवढ्यात ऑफिसातला माणूस दारात आला आणि त्याने माझं नाव घेतलं.

मी उठली नाही. त्याने पुन्हा हाक मारली. मी ठेठरीकडे पाहत बसली. तो डावीकडच्या खोलीत गेला, तिथेही माझंच नाव पुकारलं. मग माझी मुलगी त्या खोलीतून बाहेर आली आणि हॉलच्या दारात उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"सर, वो मेरी मम्मी हैं. वहाँ बैठी हैं."

सगळ्या माना वळल्या. ठेठरी ठेवायला जागा सापडेना, ती मी पर्समध्ये टाकली. कुम्हारीच्या बाईने मला जायला वाट मिळावी म्हणून पाय आत घेतले.

आत तिघं बसले होते. मधल्या मॅडम माझ्यापेक्षा लहानच असतील. त्यांनी विचारलं, "आपको बुलाया तो आप उठीं क्यों नहीं?"

मी संविधानातली कलमं पाठ करून आली होती. त्यांचा काही उपयोग नव्हता. "शर्म आ गई, मैडम."

"किस बात की?"

मी दाराकडे पाहिलं. मग म्हटलं, "बाहर सबकी बेटियाँ बैठी हैं. मुझे लगा, मैं किसी बच्ची की जगह पे आके बैठ गई हूँ."

बाजूच्या साहेबांनी विचारलं, डिग्री घेऊन काय करणार. "दुर्ग कोर्टात बसेन, व्हरांड्यातल्या बायकांना कागद समजावून सांगेन," असं काहीतरी मी मोडक्या हिंदीत बोलली. निबंधावर त्यांनी आणखी थोडं विचारलं आणि मला जायला सांगितलं.

बाहेर आली तेव्हा कोणाकडे न पाहता निघून जायचं ठरवलं होतं. पण ती बाई उठून माझ्यापाशी आली, आपल्या मुलीला हाताला धरून. या वेळी ती हिंदी विसरून छत्तीसगढीत बोलली. "का पूछिन बहिनी? हमर नोनी ला घलो बता दे." आमच्या पोरीलाही सांग, एवढंच तिचं म्हणणं. खोटं का बोललीस, हे तिने विचारलंच नाही. तिने विचारलं असतं तर सोपं गेलं असतं. मी त्या मुलीशेजारी बसली आणि जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. ती "जी आंटी, जी आंटी" म्हणत ऐकत होती. मला तिच्या आईकडे पाहता आलं नाही.

परत येताना मुलीने स्कूटी जोरात पळवली. कुम्हारीजवळ रसाच्या दुकानापाशी तिने स्कूटी थांबवली, पण रस मागितला नाही.

"तू मले तुझ्या जागेवर कावून पाठवलं?"

"लोकं हसतील असं वाटलं."

"कोन हसलं?"

"कोनी नाही."

"तिथं पोरी मले विचारत होत्या, तैयारी कैसी है. मी काय सांगू त्यांना? कॉलेजमधे मी सगळ्यांना सांगून राहिली होती, मेरी मम्मी लॉ करने वाली है. फ़ख़्र से सांगत होती. अन् तू माझ्यामागं लपली." तिला रडू आलं. रसवाला चरक थांबवून पाहत होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेली, तिने खांदा काढून घेतला.

तोपर्यंत माझी लाज वयाची होती. त्या रस्त्यावर ती निराळीच झाली. मुलीने जी गोष्ट अभिमानाने मिरवली, ती मी चोरीच्या मालासारखी लपवली होती.

काही आठवड्यांनी फोन आला. माझी निवड झाली होती, पूर्ण फी माफ. कुम्हारीच्या त्या मुलीचं काय झालं, मी विचारलं, पण नाव मला सांगता येईना. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. वर्ग सुरू झाल्यावर सगळ्या बाकांवर तिला शोधलं. ती नव्हती.

ज्या दिवशी फोन आला, त्या दिवशी नवरा खुश होऊन चप्पल घालायला लागला. "पेढे आणतो. यार्डात वाटतो."

"आत्ता नको ना," मी म्हटलं. "आधी सुरू तर होऊ दे."

मुलगी ओट्यापाशी वटाणे सोलत होती. तिने वर पाहिलं, वटाण्याचं ताट तसंच ठेवलं आणि आतल्या खोलीत गेली. नवरा एक चप्पल घालून दारात उभा. "कावून नको?" त्याने विचारलं.

मी पदर नीट केला आणि बाजूच्या क्वार्टरचं दार वाजवलं. शेजारीण हात पुसत बाहेर आली. मी तिला सांगितलं. पोरीचं नाही, माझंच, हेही सांगितलं.

"या वयात?" ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. चेहरा तापला, कान तापले. तिने आणखी विचारलं, फी कोण भरणार, रोज कशी जाशील, स्वयंपाकाचं काय. मी तिथेच उभी राहून एकेकाचं उत्तर देत गेली.